एकाच माहितीवर दोन विश्लेषणे, दोन वेगळी उत्तरे: लघुप्रबंधात कोणते लिहावे?

प्रश्न: विद्यार्थिनी, एम.ए. मानसशास्त्र, भाग २

सर्वांना नमस्कार. माझा शेवटच्या सत्राचा लघुप्रबंध पूर्ण होत आला असून निष्कर्षाच्या प्रकरणापाशी काम अडले आहे. विषय आहे अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षाचिंतेवर सहा आठवड्यांच्या श्वसन व शिथिलीकरण प्रशिक्षणाचा परिणाम. मापनासाठी स्पीलबर्गर यांच्या परीक्षाचिंता मापिकेचे मराठी रूपांतर वापरले. तिच्यात २० विधाने व प्रत्येकाला चार पर्याय असल्यामुळे गुणांक २० ते ८० या दरम्यान येतो, आणि गुणांक जितका जास्त तितकी चिंता जास्त.

पहिल्या कनिष्ठ महाविद्यालयात १२६ विद्यार्थ्यांना मापिका दिली. त्यांची सरासरी ४४.८ आणि प्रमाण विचलन (गुणांक सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचे माप) ११ आले. त्यांतून ५२ किंवा अधिक गुणांक असलेले ३२ विद्यार्थी प्रायोगिक गटात घेतले, कारण ज्यांना गरज आहे त्यांनाच प्रशिक्षण द्यावे असे मला आणि माझ्या मार्गदर्शक मॅडमना वाटले. त्याच महाविद्यालयातील मुलांना प्रशिक्षणाविना ठेवले असते तर ती एकमेकांशी बोलली असती, म्हणून नियंत्रित गट जवळच्या दुसऱ्या कनिष्ठ महाविद्यालयातून घेतला. तेथे एका तुकडीतील ३४ विद्यार्थ्यांनी संमती दिली आणि त्या सर्वांना घेतले. गुणांकावरून तेथे निवड केलेली नाही.

प्रायोगिक गटाची सरासरी पूर्वचाचणीत ५८.४ होती, ती उत्तरचाचणीत ५१.२ झाली. नियंत्रित गटाची ४६.१ होती, ती ४५.३ झाली. पेअर्ड टी-टेस्टनुसार (त्याच मुलांच्या आधीच्या व नंतरच्या गुणांकांची तुलना करणारी चाचणी) प्रायोगिक गटातील घट सार्थ आहे, म्हणजे ती केवळ योगायोगाची वाटत नाही (टी = ४.७४), आणि नियंत्रित गटातील घट सार्थ नाही (टी = ०.५१). यावरून प्रशिक्षण परिणामकारक ठरले असे मी लिहिले होते. परंतु प्रगती-सादरीकरणाच्या वेळी बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी पूर्वचाचणी हे सहचल धरून अँकोव्हा, म्हणजे पूर्वचाचणीतील फरक हिशेबात घेऊन उत्तरचाचणीची तुलना करणारे विश्लेषण, करण्यास सांगितले. तो केल्यावर समायोजित सरासरींतील फरक केवळ २.१ गुणांचा निघाला आणि पी-मूल्य (परिणाम नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता; ती सहसा ०.०५ पेक्षा कमी असेल तर निकाल सार्थ मानतात) ०.४१ आले. दोन्ही गटांतील घट काढून त्या घटींचीच तुलना केली, तर फरक ६.४ गुणांचा येतो आणि पी-मूल्य ०.००५. आकडे तेच, संगणकावरील प्रणाली तीच, तरीही एक उत्तर ‘परिणाम आहे’ म्हणते आणि दुसरे ‘नाही’ म्हणते. यांपैकी बरोबर कोणते? मी सहा आठवडे रोज त्या मुलांबरोबर बसले आहे आणि त्यांना बरे वाटत होते हे मी पाहिले आहे, म्हणून हा प्रश्न मला केवळ गुणांपुरता वाटत नाही.

उत्तर: मानसशास्त्राचे प्राध्यापक

आपण आकडे पूर्ण दिलेत हे फार चांगले केले. अशा प्रश्नांत बहुधा फक्त पी-मूल्ये लिहिलेली असतात, आणि मग मदत करणे अवघड होते.

आधी एक चूक बाजूला करू, कारण ती अत्यंत सर्वदूर आहे. एका गटातील बदल सार्थ आहे आणि दुसऱ्या गटातील बदल सार्थ नाही, एवढ्यावरून त्या दोन बदलांमधील फरक सार्थ आहे असे म्हणता येत नाही. त्यासाठी फरकाचीच चाचणी करावी लागते. २०११ साली निउवेनहाउस, फोर्स्टमान आणि वाखेनमाकर्स यांनी मेंदूविज्ञानाच्या नामांकित नियतकालिकांतील लेख तपासले. ज्या १५७ लेखांत अशी तुलना केलेली होती त्यांपैकी ७८ लेखांनी ती योग्य रीतीने केली होती आणि ७९ लेखांनी चुकीच्या रीतीने. म्हणजे जे आपल्या हातून झाले ते निम्म्या प्रस्थापित संशोधकांच्या हातूनही झालेले आहे. तेव्हा दोन वेगवेगळ्या पेअर्ड टी-टेस्टचे कोष्टक निष्कर्षाचा आधार म्हणून ठेवू नका; वर्णनासाठी सरासरी व प्रमाण विचलन पुरेसे आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आपण ५२ च्या वरची मुले निवडली. त्या दिवशी ज्यांचा गुणांक ५२ च्या वर गेला त्यांच्यात दोन प्रकारची मुले असणार. काहींची चिंता खरोखरच कायम जास्त असते. काहींची एरवी मध्यम असते, पण त्या दिवशी झोप झाली नव्हती, आदल्या दिवशी गणिताची चाचणी बिघडली होती किंवा विधाने घाईने वाचली गेली, म्हणून गुणांक वर गेला. दुसऱ्या वेळी मोजताना पहिल्या प्रकारची मुले साधारण तेथेच राहतात आणि दुसऱ्या प्रकारची खाली येतात. त्यामुळे गटाची सरासरी काहीही न करता खाली येते. यालाच रिग्रेशन टू द मीन, म्हणजे सरासरीकडे परतणे, म्हणतात.

हे किती घडेल ते मोजता येते. आपण उतार, म्हणजे पूर्वचाचणीतील एका गुणाच्या फरकामागे उत्तरचाचणीत सरासरी किती गुणांचा फरक दिसतो तो आकडा, दिलेला नाही, परंतु आपल्याच आकड्यांतून तो काढता येतो. उत्तरचाचणीत दोन गटांतील फरक ५.९ आहे, पूर्वचाचणीत १२.३ होता, आणि समायोजनानंतर प्रायोगिक गट २.१ ने खाली आला. म्हणजे अँकोव्हाने वापरलेला उतार सुमारे ०.६५ आहे. पहिल्या महाविद्यालयाची सरासरी ४४.८ आणि निवडलेल्या मुलांची ५८.४, म्हणजे अंतर १३.६. त्यातील ०.६५ पट, म्हणजे ८.८ एवढेच अंतर दुसऱ्या मोजणीत टिकेल अशी अपेक्षा आहे. याचा अर्थ प्रशिक्षण दिले नसते तरी या ३२ मुलांची सरासरी सुमारे ५३.६ वर आली असती. आपल्याला दिसलेली ७.२ गुणांची घट आहे तीत ४.८ गुण या परतण्याचे आहेत, आणि प्रशिक्षणासाठी उरतात ते २.४. अँकोव्हाचा २.१ हा आकडा याच्या किती जवळ आहे ते पाहा.

ही कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये २०५ दांपत्ये आणि त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीच्या नोंदींवरून दाखवले की आईवडिलांची उंची सरासरीपासून जेवढी दूर असते त्याच्या सुमारे दोन तृतीयांश अंतरावरच अपत्यांची उंची सापडते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी इस्रायली हवाई दलातील प्रशिक्षकांचा अनुभव नोंदवला आहे. कौतुक केले की पुढचे उड्डाण बिघडते आणि रागावले की सुधारते, असे त्या प्रशिक्षकांचे ठाम मत होते. प्रत्यक्षात फार चांगल्या उड्डाणानंतर साधारण उड्डाण येणारच होते, आणि फार वाईटानंतर बरे. आपल्या अभ्यासातील धोका हुबेहूब तोच आहे. मूल वाईट आठवड्यात आपल्याकडे आले, आपण काही केले, आणि पुढे ते सावरले.

उत्तर: समुपदेशक, कनिष्ठ महाविद्यालय

मी संख्याशास्त्र शिकवत नाही, परंतु गेली अनेक वर्षे अकरावी-बारावीची मुले माझ्यासमोर बसत आली आहेत. प्राध्यापक सरांनी ‘वाईट आठवडा’ म्हटले ते मला रोज दिसते. निकालाच्या दिवशी माझ्या खोलीबाहेर रांग असते आणि पंधरा दिवसांनी त्यांतील अर्धी मुले पुन्हा येत नाहीत. ती माझ्यामुळे बरी झाली असे मानणे मनाला सुखावणारे असते, म्हणून मी नोंदवही ठेवू लागले. जी मुले एकदाही परत आली नाहीत त्यांच्यापैकीही बरीच सावरलेली दिसतात.

मला विचारायचे आहे ते परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दल. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी घेतली तेव्हा दोन्ही महाविद्यालयांत घटक चाचणी किंवा सत्र परीक्षा कधी होती? परीक्षाचिंता हा परीक्षेच्या जवळिकीवर हलणारा अनुभव आहे. एका ठिकाणी उत्तरचाचणी परीक्षा संपल्यावर झाली असेल आणि दुसऱ्या ठिकाणी परीक्षेच्या तोंडावर, तर दोन गटांच्या सरासरींतील फरक कशाचा हे कोणत्याही सूत्राने सांगता येणार नाही. विद्यार्थ्यांच्या कामात ही तारखांची बाब मी सहसा लिहिलेली पाहत नाही, आणि शाळा-महाविद्यालयातील अभ्यासात तर ती पहिल्या पानावर हवी.

विद्यार्थिनी

सर, मॅडम, मनःपूर्वक आभार. ०.६५ हा उतार बरोबर आहे. संगणकाच्या फलपत्रात तोच दिसतो.

परीक्षेच्या तारखा पाहिल्या. पूर्वचाचणी दोन्हीकडे घटक चाचणीच्या आधीच्या आठवड्यात झाली. उत्तरचाचणीच्या वेळी पहिल्या महाविद्यालयाची सत्र परीक्षा नऊ दिवसांवर होती आणि दुसऱ्याची सोळा दिवसांवर. हे मी प्रबंधात लिहिलेच नव्हते.

सरांचे उत्तर वाचल्यावर मला एक गोष्ट करून पाहावीशी वाटली. नियंत्रित गटात निवड केलेली नव्हती, पण त्यातही ५२ किंवा अधिक गुणांक असलेले विद्यार्थी असणारच. ते ११ निघाले. त्यांची पूर्वचाचणीची सरासरी ५७.६ होती आणि उत्तरचाचणीची ५३.५. या मुलांना मी एकही श्वसनाचा प्रकार शिकवलेला नाही. तरी त्यांचे ४.१ गुण कमी झाले. उरलेल्या २३ जणांची सरासरी ४०.६ होती, ती ४१.४ झाली, म्हणजे थोडी वाढली. संपूर्ण गटाच्या सरासरीत हे दोन्ही बदल झाकले गेले होते आणि मला वाटत होते की दुसऱ्या महाविद्यालयात काहीच घडले नाही.

हे कोष्टक रात्री पाहिले तेव्हा फार वाईट वाटले. आता माझे प्रश्न दोन आहेत. अँकोव्हा हेच नेहमी बरोबर असते का? आणि या ११ विद्यार्थ्यांशी ३२ जणांची तुलना करणे योग्य आहे का, की निकाल पाहिल्यानंतर केलेली ती उठाठेव ठरेल?

उत्तर: संख्याशास्त्राचा शिक्षक

आपण ते ११ विद्यार्थी वेगळे काढलेत ही या चर्चेतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि ती आपल्याला कोणी सांगितली नव्हती. वाईट वाटून घेऊ नका. कित्येक जणांना ही ओळ आयुष्यभर दिसत नाही.

अँकोव्हा नेहमी बरोबर असते का? नाही. आपल्यापुढील कोड्याला साठ वर्षांच्या आसपासचा इतिहास आहे. १९६७ मध्ये फ्रेडरिक लॉर्ड यांनी ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये एक छोटे उदाहरण मांडले. एका विद्यापीठाच्या भोजनालयातील जेवणाचा विद्यार्थ्यांच्या वजनावर काय परिणाम होतो हे पाहायचे आहे. सप्टेंबरात आणि जूनमध्ये वजने घेतली आहेत. पहिला संख्याशास्त्रज्ञ वजनातील बदल पाहतो आणि मुलगे व मुली यांत काही फरक नाही असे म्हणतो. दुसरा सप्टेंबरचे वजन सहचल धरतो आणि मुलग्यांचे वजन मुलींपेक्षा अधिक वाढले असे म्हणतो. दोघांचेही गणित अचूक आहे. हे कोडे लॉर्ड यांच्या नावाने ओळखले जाते आणि पुढे १९८३ मध्ये हॉलंड व रुबिन यांनी दाखवले की दोघे दोन वेगळ्या गृहीतकांवर उभे आहेत: जेवण बदलले नसते तर काय झाले असते, याविषयीची दोघांची न बोललेली समजूत वेगळी आहे.

आपल्या अभ्यासात हे असे लागू होते. घटींची तुलना करणारे विश्लेषण असे गृहीत धरते की प्रशिक्षण नसते तर दोन्ही गट सारख्याच गुणांनी बदलले असते. अँकोव्हा असे गृहीत धरते की ज्या दोन मुलांची पूर्वचाचणी सारखी, त्यांची उत्तरचाचणीही प्रशिक्षणाविना सरासरीने सारखीच आली असती, मग ती कोणत्याही गटातील असोत. यांतील कोणते खरे हे गुणांकांचे कोष्टक सांगत नाही. मुले गटात कशी आली, हे सांगते. गटात जाणे केवळ मोजलेल्या पूर्वचाचणीवर ठरले असेल तर अँकोव्हा योग्य आहे, कारण निवडीचे कारण आपण जसेच्या तसे समीकरणात घातलेले असते. याउलट, मुलगे आणि मुली किंवा दोन वेगवेगळी गावे यांसारखे गट आधीपासूनच भिन्न असतील आणि प्रत्येक गट आपापल्या सरासरीभोवती स्थिर असेल, तर अँकोव्हा फसवू शकते. पूर्वचाचणीत मापनदोष असल्यामुळे ती मूळ फरकाचे समायोजन अपुरे करते.

आपली रचना मिश्र आहे. पहिल्या महाविद्यालयात निवड गुणांकावर झाली, आणि दुसरे महाविद्यालय मुळातच वेगळे आहे. दोन्हींच्या सरासरी जवळजवळ आहेत (४४.८ आणि ४६.१), म्हणजे पूर्वचाचणीत ५८.४ व ४६.१ असा जो मोठा फरक दिसतो तो महाविद्यालयांचा नसून आपल्या ५२ च्या रेषेने निर्माण केलेला आहे. म्हणून येथे घटींच्या तुलनेचे गृहीतक उघडच मोडते: उंचावरून निवडलेला गट आणि न निवडलेला गट सारखे बदलण्याचे काही कारण नाही. दोन्हींपैकी एकच निवडायचे तर अँकोव्हा निवडा, आणि का निवडली ते याच शब्दांत लिहा. ‘तज्ज्ञांनी सांगितले म्हणून’ हे कारण होत नाही.

एक तांत्रिक खबरदारी. काही विद्यार्थी सरासरीकडे परतण्याचा अंदाज काढताना निवडलेल्या गटातील सहसंबंध (दोन्ही चाचण्यांचे गुणांक किती बरोबरीने वरखाली होतात याचे माप) वापरतात. तसे करू नका. ५२ च्या खालची मुले कापून टाकल्यामुळे त्या गटात विस्तार कमी झालेला असतो आणि सहसंबंध आपोआप लहान दिसतो. रेषेचा उतार मात्र पूर्वचाचणीवर कापल्याने बदलत नाही. म्हणून उतार वापरायचा, आणि तोही शक्यतो न कापलेल्या गटातून पडताळायचा. आपल्याकडे तो दुसऱ्या महाविद्यालयात उपलब्ध आहे. दोन्ही गटांचे उतार समान आहेत का तेही तपासा, पण ३२ मुलांच्या अरुंद पट्ट्यात ती तपासणी दुबळी राहील हे लक्षात असू द्या.

११ विद्यार्थ्यांच्या तुलनेबद्दल. ती अवश्य द्या, मात्र ती निकाल पाहिल्यानंतर सुचलेली आहे असे स्पष्ट नोंदवून. तिचा गुण असा की दोन्हीकडे तीच ५२ ची रेषा लावलेली आहे, त्यामुळे परतण्याचा परिणाम दोन्ही बाजूंना साधारण सारखा आहे. फरक ७.२ वजा ४.१, म्हणजे ३.१ गुणांचा. आपल्या आकड्यांवरून मी अंदाजे मर्यादा काढल्या: ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा परिणाम ज्या मर्यादांत असू शकतो तो पट्टा) सुमारे ९ गुणांच्या घटीपासून ३ गुणांच्या वाढीपर्यंत जातो. अँकोव्हासाठी तोच सुमारे ७ गुणांच्या घटीपासून ३ गुणांच्या वाढीपर्यंत येईल. याचा अर्थ ‘परिणाम नाही’ असा होत नाही, हे मी आग्रहाने सांगतो. चांगला उपयुक्त परिणाम आणि शून्य परिणाम, दोन्ही या माहितीशी सुसंगत आहेत. आपले उत्तर ‘ठरवता आले नाही’ असे आहे, आणि ‘नाही’ व ‘ठरवता आले नाही’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत. त्या ११ जणांची ४.१ गुणांची घटसुद्धा एवढ्या लहान गटात सार्थ ठरणार नाही, म्हणून तिलाही पुरावा म्हणून फार ताणू नका. सैद्धांतिक अपेक्षेशी ती जुळते, एवढेच लिहा.

शेवटी जी अडचण कोणत्याही विश्लेषणाने सुटत नाही ती. प्रायोगिक गट संपूर्णपणे एका महाविद्यालयात आणि नियंत्रित गट संपूर्णपणे दुसऱ्यात आहे. प्रशिक्षणाचा परिणाम आणि महाविद्यालयाचा परिणाम एकमेकांत पूर्ण मिसळले आहेत. विद्यार्थी ६६ असले तरी या प्रश्नासाठी प्रत्येक बाजूला महाविद्यालय एकच आहे. समुपदेशक मॅडमनी विचारलेल्या तारखांचा फरक हे त्याचेच एक उदाहरण: नऊ दिवस आणि सोळा दिवस. योगायोगाने तो आपल्या परिणामाच्या विरुद्ध दिशेचा आहे, कारण परीक्षा जवळ असलेल्या गटाची चिंता वाढायला हवी होती. परंतु त्यावरून उलट हिशेब मांडून परिणाम मोठा होता असे म्हणू नका.

थोडे अवांतर. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पोषणाच्या प्रश्नावर हाच मुद्दा अनेक वर्षे मांडला. एकाच माणसाचा रोजचा उष्मांक स्वतःच्याच सरासरीभोवती वरखाली होत असतो, म्हणून एखाद्या दिवशीचा आकडा ठरावीक रेषेखाली गेला एवढ्यावरून त्याला कुपोषित म्हणता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या पोषणविषयक निष्कर्षांवर तीव्र मतभेद झाले. पण एका दिवसाच्या मोजणीवरून माणसाची वर्गवारी करण्यातला धोका मला विद्यार्थ्यांना समजावून द्यायचा असतो तेव्हा मी हेच उदाहरण देतो.

उत्तर: पीएच.डी. पूर्ण केलेला एक वाचक

वरील संख्याशास्त्रीय चर्चेत भर घालण्यासारखे माझ्याकडे फारसे नाही. मात्र पुढच्या वेळी हाच अभ्यास कसा करता आला असता याविषयी लिहितो, कारण लघुप्रबंधात मर्यादा आणि पुढील संशोधन हे प्रकरण बहुधा भरतीचे असते आणि आपल्याकडे तेथे लिहिण्याजोगे खरोखर खूप आहे.

३२ गरजू मुले सापडली होती. त्यांच्यातच चिठ्ठ्या टाकून १६ जणांना आता आणि १६ जणांना सत्र परीक्षेनंतर प्रशिक्षण देता आले असते. गरजू मुलाला नाकारले जात नाही, फक्त क्रम ठरतो. आणि दोन्ही बाजू सारख्याच उंचीवरून निवडलेल्या असल्याने परतणे दोन्हीकडे सारखे राहते. मुले एकमेकांना श्वसनाचे प्रकार सांगतील ही भीती खरी आहे, पण त्यामुळे फरक असतो त्याहून कमी दिसेल एवढेच. दोन वेगळी महाविद्यालये घेतल्याने जो गोंधळ झाला त्यापेक्षा हा तोटा मला पत्करण्याजोगा वाटतो. दुसरा मार्ग दोन पूर्वचाचण्यांचा: पहिल्या मोजणीवर निवड करायची आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजून त्या दुसऱ्या आकड्याला आरंभबिंदू मानायचे. परतणे बहुतांशी त्या दोन मोजण्यांच्या मधेच होऊन जाते.

संख्येचे म्हणाल तर १६ आणि १६ कमीच पडले असते. अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा, म्हणजे आपल्या मापिकेवर साडेपाच गुणांचा परिणाम ८० टक्के सामर्थ्याने (म्हणजे परिणाम खरा असल्यास शंभरांपैकी ८० वेळा सापडेल असा) पकडायचा असेल तर साध्या टी-टेस्टला प्रत्येक गटात ६४ विद्यार्थी लागतात. पूर्वचाचणी सहचल धरली आणि सहसंबंध ०.६५ असला तर हीच गरज सुमारे ३७ वर येते. म्हणजे दोन-तीन महाविद्यालयांतून मुले गोळा करून प्रत्येक ठिकाणी वेगळ्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर हे एम.ए.च्या आवाक्यातील काम होते. अँकोव्हाचा खरा उपयोग अशा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेल्या, विभागणीनंतर होतो. बिघडलेली विभागणी दुरुस्त करण्यासाठी तिचा वापर नाइलाजाचा असतो.

एक वैयक्तिक गोष्ट सांगतो. माझ्या एम.फिल.च्या काळात माझाही निकाल असाच धूसर निघाला होता. मला सल्ला मिळाला की उपमापिका वेगवेगळ्या तपासा, काहीतरी सार्थ निघेल. निघाले, आणि मी तेच लिहिले. दोन वर्षांनी नव्या गटावर ते पुन्हा मिळाले नाही, आणि तोवर एका कनिष्ठ सहकाऱ्याने माझ्या त्या निष्कर्षावर स्वतःचा आराखडा उभा केला होता. त्याचे एक वर्ष गेले. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्याचा मोठा सामूहिक प्रकल्प प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थ निकाल होता, पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांत आढळला. तो आकडा वाचताना मला त्या सहकाऱ्याची आठवण झाली. आपल्या मापिकेलाही काळजी आणि भावनिकता अशा दोन उपमापिका आहेत. त्यांचे विश्लेषण आराखड्यात आधी लिहिलेले नसेल, तर आता सार्थ आकडा शोधण्यासाठी ते करू नका.

विद्यार्थिनी

उपमापिकांचा सल्ला मलाही कालच एकाने दिला होता. तो मी घेणार नाही.

मार्गदर्शक मॅडमना ही सर्व चर्चा दाखवली. त्यांनी प्रथम विचारले की एवढे बदल आता करायला वेळ आहे का, आणि ११ विद्यार्थ्यांचे कोष्टक पाहिल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. नंतर त्यांनीच निष्कर्षाचे प्रकरण नव्याने लिहायला सांगितले. शीर्षकातील ‘परिणाम’ हा शब्द बदलता येणार नाही, कारण तो नोंदणीकृत आहे. पण सारांशात आता पुढील वाक्ये आहेत: ‘प्रशिक्षण घेतलेल्या गटाच्या सरासरीत ७.२ गुणांची घट आढळली. निवडीच्या पद्धतीमुळे यातील सुमारे ४.८ गुणांची घट प्रशिक्षणाविनाही अपेक्षित होती. पूर्वचाचणी सहचल धरून गटांतील समायोजित फरक २.१ गुणांचा आहे आणि त्याची दिशा व आकार या अभ्यासावरून निश्चित करता येत नाही. प्रायोगिक आणि नियंत्रित गट वेगवेगळ्या महाविद्यालयांतील असल्याने प्रशिक्षणाचा परिणाम महाविद्यालयातील अन्य फरकांपासून वेगळा काढता आलेला नाही.’ परीक्षांच्या तारखा कार्यपद्धतीच्या पहिल्याच परिच्छेदात घातल्या आहेत.

दुसऱ्या महाविद्यालयातील त्या ११ विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देण्याचे मी कबूल केले आहे, ते सत्र परीक्षेनंतर सुरू होईल. तेथील प्राचार्यांनी बाकीच्या तुकड्यांनाही मापिका देण्याची परवानगी दिली आहे. त्या तुकड्यांतील मुलांना पहिल्या मोजणीवर निवडू, तीन आठवड्यांनी पुन्हा मोजू, आणि मग चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना आधी व अर्ध्यांना नंतर घेऊ. ज्यांना शब्द दिला आहे ते ११ जण चिठ्ठ्यांत नसतील, आणि त्यांचे आकडे तुलनेतही धरणार नाही. हे लघुप्रबंधात येणार नाही, तो तोवर सादर झालेला असेल. दोन मोजण्यांमध्ये तीन आठवडे पुरतील का, की मधे घटक चाचणी येत असेल तर अंतर वाढवावे, एवढे कृपया सांगावे.

उत्तर: समुपदेशक, कनिष्ठ महाविद्यालय

अंतर वाढवण्यापेक्षा दोन्ही मोजण्या परीक्षेपासून सारख्याच अंतरावर येतील असे पाहा. पहिली एका घटक चाचणीच्या दहा दिवस आधी घेतली असेल, तर दुसरी पुढच्या चाचणीच्या दहा दिवस आधी घ्या, मग मधे तीन आठवडे जावोत की पाच. महाविद्यालयाचे परीक्षा वेळापत्रक आधी हातात घ्या आणि त्यावर खुणा करूनच तारखा ठरवा.